मागच्या लिफ्टचं कुंकू

शेवगावकडून एसटीनं नगरला येताना टॉवर दिसायला लागला की मी खिडकीतून तोंड आत घेतो. बायको म्हणते, "अहो, लोक गाडी थांबवून फोटो काढतात, आणि तुम्ही पायाकडं काय बघत बसता?" तिला काय सांगायचं. बाकीच्यांना बावीस मजले आणि काचा दिसतात. मला त्यातले चार उभे बोगदे दिसतात, तीन पुढचे आणि एक मागचा. मागच्याची आठवण आली की हात आपोआप खिशात जातो आणि दरवाजाची चावी चाचपायला लागतो. ती चावी मी निवृत्तीच्या दिवशीच जमा केली आहे.

शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्या बदलल्या, पण माझ्यासारख्याच्या तोंडात नगरच येतं. चालवून घ्या. मी इथं तीसएक वर्षं लिफ्ट मेकॅनिक होतो. संपादकांनी अंकासाठी 'तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा' म्हणून सांगितलं. गमती आहेत, त्या सांगतो. पण एक गोष्ट गमतीची नाही. ती सांगितल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही, तेवढी सवलत द्यावी.

आधी धंदा समजून घ्या. लोकांना वाटतं, लिफ्ट म्हणजे विहिरीतली बादली. वर कुणीतरी ओढतं आणि खाली सोडतं. तसं नसतं. लिफ्ट म्हणजे तराजू. एका बाजूला तुम्ही ज्यात उभे राहता ती गाडी, दुसऱ्या बाजूला लोखंडी ठोकळ्यांचं वजन, आणि दोन्हीच्या मधे वर एक खाचांचं मोठं चाक. दोर त्या चाकावरून जातात. मोटारीला फक्त पारडं झुकवायचं असतं. त्यामुळं रिकाम्या लिफ्टचा ब्रेक हातानं सोडला तर ती खाली पडत नाही, वर जाते. हे सांगितलं की निम्मे लोक माझ्याकडं संशयानं बघतात. आणि दोर एक नसतो, चार-पाच असतात. एकटा दोर सगळा भार पेलू शकतो, तरी चार लावतात. आमचा सगळा धंदा अशा संशयावर चालतो.

बिघाड बहुतेक दाराचे असतात. दाराच्या खाली एक पन्हाळ असते, तिच्यात कचरा गेला की दार अडतं आणि दार अडलं की लिफ्ट हलत नाही. नगरचं पंचांग मी त्या पन्हाळीवरून सांगू शकलो असतो. दसऱ्यानंतर आपट्याची पानं, दिवाळीत फुलबाज्यांच्या तारा, संक्रांतीनंतर चार दिवस तिळगूळ. तिळगूळ सगळ्यांत वाईट. तो पन्हाळीत चिकटला की स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावा लागतो, आणि वरून घरमालकीण म्हणते, "गोड बोला."

टॉवर झाला तेव्हा पहिलं वर्षभर लोक तो बघायला यायचे. एकदा सोनईकडचं एक कुटुंब आलं, लहान-मोठी अकरा माणसं. पाहुण्यांचं घर एकोणिसाव्या मजल्यावर होतं. लिफ्टच्या आतली चकाचक फरशी बघून सगळ्यांनी खाली दारापाशी चपला काढल्या, ओळीत लावल्या आणि अनवाणी वर गेले. झाडणाऱ्या बाईनं बेवारशी समजून चपला उचलून ठेवल्या. दोन तासांनी ते खाली आले आणि म्हातारे आजोबा मलाच धरून बसले, "तुमची गाडी चपला कोनत्या मजल्यावर घिऊन गेली?" मी त्यांना तीन मजले हिंडवलं, मग बाईनं पोतं आणून ओतलं.

तर, टॉवर. तो जिथं उभा आहे तिथं आधी तेलगिरणी होती. करडई आणि शेंगदाण्याची. ती बंद पडली आणि कित्येक वर्षं तिथं वेड्या बाभळी माजल्या होत्या. मागच्या अंगाला हमालांच्या खोल्या होत्या, एकोणीस घरं. मग बिल्डर आला. गिरणी पाडली, पण धुराडं ठेवलं. आता त्याला खालून दिवे लावलेत आणि बॉयलर होता तिथं कॉफीचं दुकान आहे. उड्डाणपूल झाला, रस्ता रुंद झाला आणि नगरला कुणी पाहुणा आला की त्याला आधी टॉवर दाखवायची पद्धत पडली. एकोणीस घरं मात्र जागेवरून हलेनात. अडून बसली. शेवटी बिल्डरनं टॉवरच्या पाठीला चिकटवून पंधरा मजल्यांचा एक पट्टा बांधला आणि त्यात त्यांना घरं दिली. दार वेगळं, जिना वेगळा, लिफ्ट वेगळी. तीच मागची लिफ्ट.

ही लिफ्ट पहिल्या दिवसापासून सावत्र होती. बांधकाम चालू असतानाच तिच्यातून सिमेंट, फरश्या, रेती नेली. बोगद्यात पावसाचं पाणी उतरलं. पुढच्या लिफ्टांना मात्र आठ महिने प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलं होतं. हे मी डोळ्यांनी बघत होतो. एकदा बोललो, कुणी ऐकलं नाही, मग मीही गप्प बसलो.

भिकाजीबाबा तिथलेच. गिरणीत चाळीस वर्षं हमाली केलेली, उंच माणूस, पण आता पाठ वाकलेली. त्यांना चौदाव्या मजल्यावरचं घर लागलं आणि त्याच वर्षी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी डायलिसिसला जावं लागायचं. बरोबर कोंडामावशी, त्यांची बायको. मुलगा दत्ता शेवगावला खताच्या दुकानात कामाला. त्याचं म्हणणं, घर भाड्यानं द्या आणि शेवगावला चला, तिथं घर तळमजल्यावर आहे आणि डायलिसिसची सोयही झाली आहे.

बाबा एकदा मला लिफ्टपाशी गाठून म्हणाले, "मिस्तरी, खरं सांगा. माझी सगळी उमर या जागेवर पोती वाहन्यात गेली. ही जागा सोडून मला मरायचं न्हाई. पन पोरगा म्हनतो त्यातबी खोट न्हाई. चौदा मजले मी चढू शकत न्हाई. तुमची ही गाडी दगा देनार न्हाई ना?"

आता अशा वेळी शहाण्या मेकॅनिकनं म्हणावं, यंत्र आहे बाबा, आपण काळजी घेऊ. पण मला तेव्हा आपल्या हाताचा भारी गर्व होता. मी छाती फुगवून म्हणालो, "मी आहे तोवर ही लिफ्ट तुम्हाला दगा देणार नाही. बिनधास्त राहा."

त्यांनी तेवढ्यावर दत्ताला फोन लावून सांगितलं, "आमी हितंच ऱ्हातो. मिस्तरीनं सबूद दिलाय."

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही नेहमीसारखी मशीनची पूजा केली. कारागिरानं त्या दिवशी हत्यार पुजायचं, आमचं हत्यार म्हणजे मशीन. अर्धा तास लिफ्ट बंद ठेवायची, मशीन पुसायचं, हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. पुढच्या लिफ्टांच्या पूजेला कुणी येत नसे. मागच्याला मात्र एकोणीस घरांतली माणसं जिना चढून मशीनच्या खोलीत यायची. कोंडामावशीनं ताट आणलं होतं, त्यात कुंकवाचा डोंगर. माझा जोडीदार रियाज हार धरून उभा. मी त्या मोठ्या चाकाला, ज्याच्यावरून दोर जातात, कुंकवाची पाच बोटं ओढली. मावशी म्हणाल्या, "अजून लावा, हात आखडू नका." मग खाली मशीनच्या चौथऱ्यालाही लावलं. सगळी खोली लाल झाली.

दिवाळी झाली. महिन्याच्या तपासणीला गेलो तर चाकाच्या खाली, चौथऱ्यावर, लाल पूड पडलेली. बारीक. मी फडक्यानं पुसली.

पुढच्या महिन्यात पुन्हा. रियाज म्हणाला, "उस्ताद, ये अभी तक गिरतंय?" रियाज माझ्याशी असंच अर्धं अर्धं बोलतो. मी म्हणालो, "अरे, मावशीनं किलोभर कुंकू आणलं होतं. खाचांत बसलेलं असणार, चाक फिरलं की पडतं." दोघं हसलो. मी पुन्हा पुसली.

इथं थांबून तुम्हाला आमच्या धंद्यातला पहिला धडा सांगतो. पोलादी दोर बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सडतो. आतल्या तारा एकमेकींवर घासतात, गंजतात आणि त्याची पूड दोर वळताना बाहेर पडते. ती पूड लाल असते. चाकाखाली लाल पूड दिसली की दोर मोजा, उलगडून बघा, लिफ्ट बंद करा. नव्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. रियाजला मीच शिकवलं होतं. मी ती पूड नुसती दोन बोटांत चोळली असती तरी कळलं असतं, कुंकू मऊ लागतं आणि गंज किरकिरतो. चोळली नाही. आपणच लावलेलं कुंकू कुणी चोळून बघतं का. संक्रांत झाली तेव्हा तिसऱ्यांदा पुसली.

त्यानंतरच्या एका गुरुवारी सकाळी मी पुढच्या लिफ्टचं दार नीट करत होतो. रियाजचा फोन आला. मागची लिफ्ट नवव्या आणि दहाव्याच्या मधे अडकली आहे, आत भिकाजीबाबा आणि मावशी. गुरुवार होता हे मला सांगावं लागलं नाही.

झालं होतं असं. एका दोराची एक लड, म्हणजे तारांचा एक पीळ, तुटून बाहेर आली आणि फडफडत शेजारच्या बारीक दोरात गुंतली. हा बारीक दोर पहारेकरी असतो. त्याला काही विपरीत वाटलं की तो गाडीला दोन्ही बाजूंच्या रुळांवर घट्ट आवळून टाकतो. त्यानं आपलं काम केलं. गाडी पडणार नव्हती, पण हलणारही नव्हती. ती सोडवायची तर वर ओढावी लागते, आणि तुटक्या दोरावर मी ती ओढायला तयार नव्हतो.

नवव्या मजल्याचं दार चावीनं उघडलं. गाडीचा तळ माझ्या छातीइतका उंच आणि त्याच्या खाली नऊ मजल्यांचा अंधार उघडा. माणूस उतरवताना पाय घसरला तर तो लॉबीत पडत नाही, त्या अंधारात जातो. म्हणून आधी फळ्या आणायच्या, तोंड बंद करायचं, फळ्या बांधायच्या, मग माणूस उतरवायचा. हे सगळं करायला पावणेदोन तास लागले. या पावणेदोन तासांत बाबा आत घडीच्या खुर्चीवर बसून होते. मावशी फटीतून मला विचारायच्या, "मिस्तरी, लई येळ हाय का?" आणि मी दर वेळी "झालंच" म्हणायचो. बाबांच्या पायाला सूज होती, श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

शेवटी मी फळ्यांवर पाठमोरा उभा राहिलो. रियाजनं वर चढून बाबांना आतून सरकवलं आणि माझ्या पाठीवर दिलं. मी भार मानेवर घेऊन सरळ उभा राहायला गेलो. तेव्हा माझ्या कानाशी बाबा म्हणाले, "कंबरंत वाका. मान खाली घाला. भार मानंवर न्हाई, खांद्याच्या मधी घ्या. आता उजवा पाय टाका." आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस मला स्वतःला वाहायला शिकवत होता. मी त्यांच्या हुकमाप्रमाणं एकेक पाऊल टाकलं. पुढं नऊ मजले आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीतून उतरवलं.

डायलिसिस झालं, पण उशिरा. दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मी त्या दुपारी मशीनच्या खोलीत गेलो. चौथऱ्यावर लाल पूड होती. तेव्हा ती पहिल्यांदा बोटांत चोळली. किरकिर लागली. मी तिथंच खाली बसलो. रियाज दारात उभा होता.

अहवाल लिहायचा होता. आमच्या ठेकेदारानं फोनवर सांगितलं, "दोराचं आयुष्य संपलं, एवढंच लिहा." खोटं नव्हतं ते. मी तेवढंच लिहिलं. कुणी पुढं विचारलं नाही.

दत्ता शेवगावहून थेट दवाखान्यात आला. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे वडिलांना म्हणाला, "बाबा, आता बास. सामान बांधू." बाबा कॉटवर पडल्या पडल्या म्हणाले, "गाडी चालू झाली तर ऱ्हातो. फिरून अडाकलो, तर तू म्हनशील तसं." दत्तानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "किती दिवस लागतील?" नवे दोर यायला दहा-बारा दिवस लागणार होते. तेवढ्यात तीन-चार वेळा डायलिसिस. जिन्यानं चौदा मजले दर वेळी खाली आणि वर, हे होण्यातलं नव्हतं.

एक वाट होती. पंधराव्या मजल्यावर एक मोकळी जागा आहे. आग लागली तर माणसांनी तिथं येऊन थांबायचं. ती जागा पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंना सामाईक आहे आणि मधे एक दार आहे. बाबांना एक मजला वर नेलं, त्या दारातून पलीकडं नेलं, की पुढची लिफ्ट. फक्त त्या दाराला पुढच्यांनी कुलूप घातलं होतं. आगीच्या वाटेला कुलूप घालता येत नाही, पण घातलं होतं.

पुढच्या सोसायटीचे अध्यक्ष विसाव्या मजल्यावर राहायचे. मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "गाडेकर, प्रश्न एका माणसाचा नाही. आज एक येईल, उद्या अख्खी मागची बाजू आमच्या लॉबीतून ये-जा करेल. कमिटीपुढं ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

"पुढच्या महिन्यात."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष फिरायला गेले तेव्हा मी पुढच्या तिन्ही लिफ्टा ब्रेकच्या तपासणीसाठी बंद केल्या. तपासणी राहिलेलीच होती, फक्त एरवी मी एकेक करून करायचो. अध्यक्ष परत आले, पाटी वाचली, जिन्यानं निघाले. सहाव्या मजल्यावर पायरीवर बसले आणि तिथून मला फोन केला. मी म्हणालो, "साहेब, काम मोठं आहे, संध्याकाळपर्यंत चालेल. दाराची चावी मिळाली असती तर लवकर उरकलं असतं." दहा मिनिटांत वॉचमन चावी घेऊन आला. दादागिरी होती, कबूल. तिचा मला पस्तावा नाही. पस्तावा करायला दुसरं आहे.

ते अकरा दिवस सोमवार-गुरुवार आम्ही बाबांना खुर्चीत बसवून एक मजला वर चढवायचो. खुर्चीचा एक पाय मी धरायचो. पहिल्या दिवशी पुढच्या लॉबीत एक बाई नाक मुरडून बाजूला झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनीच लिफ्टचं दार धरून ठेवलं. बाबा आरशात स्वतःकडं बघून मावशींना म्हणाले, "ही गाडी आवाजच करत न्हाई गं. चालती का थांबली तेबी कळत न्हाई."

नवे दोर आले, चढवले. लिफ्ट चालू करायच्या आधी तिच्यावर भार टाकून ब्रेक बघावा लागतो. दहा माणसांची लिफ्ट असेल तर साडेबारा माणसांचं वजन घालायचं. आम्ही रेतीची सतरा पोती मागवली, पन्नास किलोची. मागची सगळी घरं खाली जमली होती. बाबा डायलिसिसहून येऊन खुर्चीत बसले होते. रियाज पोती आत टाकत होता. पाच-सहा पोती गेल्यावर बाबा म्हणाले, "थांबा जरा. ते पोतं हिकडं आना." त्यांनी पोत्याचा एक कान धरून थोडा उचलला आणि सोडला. "मिस्तरी, ही पन्नासची न्हाईत. चाळीस-बेचाळीस हायेत." दुकानावरून काटा आणला. बेचाळीस भरलं. मी आणखी चार पोती मागवली.

भार घालून लिफ्ट वर-खाली झाली, ब्रेक लागला, केसभर सरकली नाही. पोती काढली. आता कुणीतरी आत जायचं होतं आणि कुणी जाईना. सगळे बाबांकडं बघत होते. बाबा माझ्याकडं बघत होते.

"कशानं बिघडली हुती मिस्तरी?"

मी म्हणालो, "दोर खराब झाला होता, बाबा."

"आता?"

"आता नवा आहे."

ते उठले, मावशीचा हात धरला आणि आत गेले. मागोमाग बाकीचे. दत्ता सामान न बांधता शेवगावला परत गेला.

मी जिंकलो असं लोकांना वाटलं. मला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी नगरच्या दुसऱ्या टोकाला असलो तरी घड्याळ बघायचो, आता निघाले असतील, आता उतरले असतील. दोर तर नवा होता, भीती कशाची? भीती अशी की बाबा माझ्या शब्दावर त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकत होते आणि तो शब्द अर्धा होता. खरं सांगावं तर ते म्हणतील, ज्यानं तीनदा गंज पुसला त्याच्या हातात आपला जीव कशाला, आणि जातील शेवगावला. ज्या जागेसाठी अडून बसले ती जागा माझ्यापायी सुटेल. न सांगावं तर रोज फसवतोय. मी बायकोवर उगाच खेकसायला लागलो. रियाजनं एकदाच विचारलं, "उस्ताद, बोल क्यूं नही देते?" मी त्याच्यावरही खेकसलो.

आणि खंडेनवमी आली. मशीन पुसलं, हार आला, माणसं जिना चढून आली. बाबाही आले, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. मावशीनं ताट पुढं केलं. कुंकवाचा तसाच डोंगर. मी हात उचलला आणि तो चाकापर्यंत जाईना. सगळे वाट बघत होते. मावशी म्हणाल्या, "लावा की."

मी ताट खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. दोर आतून सडला की लाल पूड पडते, ती पडत होती, मला तीनदा दिसली, मी कुंकू समजून तीनदा पुसली. मला कळायला हवं होतं, कळलं नाही. चूक दोराची नव्हती, माझी होती. नवे दोर चढवल्यावर बाबांनी विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही.

बाबांनी माझ्याकडं बघितलंच नाही, ते चाकाकडं बघत होते. मग म्हणाले, "मला खाली न्या." दोघांनी त्यांना धरून नेलं. एकेक करून माणसं गेली.

मावशी मागं राहिल्या. त्यांनी ताट उचललं, कुंकवाची वाटी पदराखाली घेतली आणि हळदीची वाटी माझ्यापुढं धरली. "आजपासनं हिला हळदच लावा. म्हंजी लाल दिसलं की कळंल." एवढं बोलून त्या जिना उतरल्या. मी आणि रियाजनं चाकाला हळद लावली. आजही त्या मशीनला फक्त हळद लावतात. नवीन मेकॅनिक लोकांना ती कसली तरी परंपरा वाटते.

दसरा झाला. त्या दिवशी दत्ता शेवगावहून आला होता असं वॉचमननं सांगितलं. पुढचा सोमवार उजाडला. मला टॉवरवर काम नव्हतं, तरी गेलो आणि मागच्या लिफ्टपुढं तळमजल्यावर उभा राहिलो. दारावर लाल आकडे असतात. चौदा दिसत होता. बराच वेळ चौदाच. वर सामान भरतायत असं वाटलं. मग तेरा. बारा. लिफ्टमध्ये कुणीही असू शकतं, एकोणीस घरं आहेत. नऊवर आकडा थांबला तेव्हा माझा हात खिशातल्या चावीवर गेला, पण तिथून कुणीतरी चढलं असेल, पुन्हा आठ, सात. जिन्यावर पावलं वाजतायत का तेही मी ऐकत होतो.

दार उघडलं. आधी नवव्या मजल्यावरची एक बाई बाहेर पडली. तिच्या मागं घडीच्या खुर्चीवर भिकाजीबाबा, शेजारी पिशवी घेतलेल्या मावशी आणि खुर्ची धरलेला दत्ता. सामान नव्हतं. डायलिसिसची फाईल होती.

मी बाजूला झालो. बाबा माझ्यापाशी आल्यावर त्यांनी दत्ताला थांबायला सांगितलं आणि माझ्याकडं वर बघितलं.

"मिस्तरी, तळाला येताना खडखड करती. बघून घ्या."

ते गेले. मी लिफ्ट बंद केली आणि तळाच्या खड्ड्यात उतरलो. बॅटरी लावून एकेक बोल्ट बघितला, रूळ बघितले, वजनाचे ठोकळे हलवून बघितले. वर जाऊन दहा वेळा लिफ्ट खाली आणून कान लावला. खडखड कुठंच नव्हती. दुपारी ते परत आले तेव्हा मी सांगितलं, "बाबा, सापडली नाही." ते म्हणाले, "मंग परत बघा."

त्यानंतर बाबा दोन वर्षं जगले आणि चौदाव्या मजल्यावरच गेले. त्या दोन वर्षांत दर सोमवारी मी त्या खड्ड्यात उतरून खडखड शोधली. अजून सापडलेली नाही.